दोन घरांचं पाणी

दाजी,

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं, असं मला गेले कित्येक दिवस जो तो सांगतो आहे. मी लिहीनही. तुम्ही नसता तर मी आज हुबळीच्या बाजारात अप्पांच्या दुकानी सुतळीची बिंडं बांधत बसलो असतो, हे विसरायला मी काही कृतघ्न नाही. पण आधी मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपली भांडणं तुम्ही नेहमी उद्यावर टाकायचात. "उरलेलं उद्या, मास्तर. आता तुझ्या अक्काचा हात दुखतोय वाढता वाढता," असं म्हणून पाटावरून उठायचात. या खेपेला उद्या आलाच नाही. म्हणून हे भांडण मी एकट्यानंच पुरं करणार आहे.

तुम्ही एक घोट पाणी का मागितलं नाहीत?

एवढंच विचारायचं आहे. बाकीची उत्तरं मला मिळाली आहेत. कुऱ्हाड कुणाची, हात कुणाचा, तुम्हाला तिथे एकट्याला कुणी पाठवलं, सगळं कळलं. हे एक मात्र तुमच्याखेरीज कुणी सांगू शकत नाही.

तुमची ती पद्धत मला पहिल्यापासून पसंत नव्हती. कॉलेजासाठी मी धारवाडला तुमच्या घरी राहायला आलो, तेव्हाच हवालदार मल्लप्पानं मला तिची मोठ्या कौतुकानं गोष्ट सांगितली होती. अळणावरकडच्या कुठल्याशा गावात दोन घरांत काठ्या निघाल्या होत्या. तुम्ही गेलात, चावडीच्या कट्ट्यावर बसलात, टोपी मांडीवर ठेवलीत आणि म्हणालात, "उन्हातून आलोय. गूळ-पाणी कुणाकडनं येतंय?" एका घरनं आलं. तुम्ही गुळाचा खडा तोंडात टाकलात, पाणी प्यालात आणि दुसऱ्या घराकडे बघून म्हणालात, "आणि तुमच्याकडचा गूळ संपला काय?" मग तिकडूनही आलं. तेही प्यालात. "आता मी दोन्ही घरांचा पाहुणा झालो. पाहुणा गावात असताना काठी उगारायची, अशी चाल तुमच्या गावात असली तर सांगा, म्हणजे मी निघतो." लोक हसले. आणि मग तुम्ही उठेचनात. दुपार टळली, संध्याकाळ होत आली, तुमचा मुक्काम हलेना. माणसं कंटाळून काठ्या ठेवून गुरं सोडायला गेली.

"पाहुणचारावर कायदा चालत नाही, दाजी," मी पहिल्याच आठवड्यात तुम्हाला ऐकवलं होतं. तर्कशास्त्राचं पुस्तक नवंच हातात आलं होतं.

"कायदा धारवाडात असतो रे. गावात पाहुणाच असतो."

"आणि एखाद्यानं नाही जुमानलं पाहुण्याला?"

"गुळाचा खडा दिलेल्या माणसावर आपल्या मुलखात कुणी हात टाकत नाही. तुझ्या पुस्तकात लिहिलेलं नसेल ते."

"पण एकाच घरचं प्यालात तर?"

"मग मी त्या घरचा. म्हणून तर दोन्हीकडचं पितो. पोट फुगेस्तोवर पितो," असं म्हणून तुम्ही पोटावर थाप मारलीत आणि अक्का आतून म्हणाली, "घरी मात्र ताकाचं पातेलं तसंच राहतं." त्यावर आपण सगळे हसलो होतो, मीही. आज त्या हसण्याचा मला संताप येतो. आपण नियम एवढा पक्का ओळखून होतो, तो मोडला तर काय होईल हेही मोठ्यानं बोललो होतो, आणि मग ताकावरून विनोद करून उठलो.

अप्पांनी मला दुकानात बसवायचं ठरवलं होतं, ते तुम्हीच मोडून काढलंत. मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी तुम्ही गणवेशातच दुकानात येऊन काथ्याच्या गठ्ठ्यावर बसलात. बाजारात कुजबूज सुरू झाली की दोरवाल्याकडे झडती आली. अप्पा घाबरून म्हणाले, "जावईबापू, आत तरी चला." तुम्ही म्हणालात, "नाही, इथंच बसतो. पोराला कॉलेजात घालतो म्हणा, की उठलो." गिऱ्हाईक लांबूनच वळून जात होतं. अप्पांनी शेवटी हात जोडले. मला तुम्ही कारण सांगितलंत ते वेगळंच. "तुझ्याशी भांडायला मजा येते, पण मधेच तुझे मुद्दे संपतात. चार वर्षं शिकून ये, मग बघू." आमच्या घरात त्याआधी कुणी पदवीधर झालेलं नव्हतं. तो मी झालो, तो तुम्हाला भांडायला तोडीचा माणूस हवा होता म्हणून.

आणि मी भांडलोही. पोलीस लाइनीतल्या घरातून रोज सकाळी खादीची पांढरी टोपी घालून कॉलेजात जाणारा बहुधा मी एकटाच. शिपाई ओट्यावर दात घासत बसलेले असायचे. "काय पुढारी, आज कुणाला धरायचं सांगून जावा, म्हणजे आम्ही तयार राहतो," असं म्हणायचे. तुम्ही कधी टोपी काढ म्हणाला नाहीत. अक्का तुमची खाकी आणि माझी खादी एकाच घमेल्यात खळीला घालायची आणि वर म्हणायची, "दोघांचा ताठा मीच करते."

"तुम्ही कुणाचे पोलीस?" हा माझा ठरलेला प्रश्न. साहेबाचे की आमचे? तुम्ही कधी सरळ उत्तर दिलं नाहीत. एकदा फक्त म्हणालात, "चोरी झाली की बाई ज्याच्याकडे रडत येते, त्याचा." मी म्हणालो, हे उत्तर नव्हे. तुम्ही म्हणालात, "बरं, मग उरलेलं उद्या."

आता त्या दिवसाकडे येतो.

त्या दिवशी हुबळीत आमच्या वाचनालयाची सभा होती. बाहेरगावचे एक वक्ते येणार होते, विषय स्वदेशीचा. ऐकायला कोण, तर आम्ही मास्तर मंडळी, थोडे व्यापारी आणि शाळेची पोरं. आणि आमच्यासाठी सरकारनं बंदोबस्त लावला होता. धारवाडहून बंदुकवाले शिपाई आणले होते. ते कोप्पीकर रोडच्या वळणावर लिंबाच्या सावलीत उभे राहून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. त्यातला एक लाइनीतला ओळखीचा होता. मला बघून त्यानं डोळा मिचकावला, "पुढारी, लवकर आटपा, भूक लागलीय." मीही हसलो.

त्याच सकाळी तुम्ही साहेबाकडे चार माणसं मागितली होती, हे मला नंतर मल्लप्पाकडून कळलं. तुम्ही! पाण्याच्या तांब्यावर विसंबणारे तुम्ही, त्या दिवशी तुम्हालाही एका गावच्या खळ्यावरचं लक्षण बरं दिसत नव्हतं म्हणून माणसं मागितलीत. आणि साहेबानं सांगितलं, माणसं हुबळीला गेली आहेत, हवालदाराला घेऊन जा. गाणी म्हणणाऱ्या पोरांसाठी बंदुका होत्या. कुऱ्हाडी घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांत जाणाऱ्या फौजदारासाठी एक मल्लप्पा आणि दोन सायकली.

अळणावरच्या बाजूच्या ज्या गावी तुम्ही निघालात, तिथला प्रकार असा होता. दोन शेजारी घरांचं खळं एकच, सामाईक. आळीपाळीनं मळणी करायची, यंदा पहिली पाळी गंगव्वाच्या घरची. गंगव्वाचा नवरा बरेच दिवस अंथरुणाला खिळून होता, तो आदल्या दिवशी गेला. घर सुतकात. सुतकातलं घर मळणी करणार नाही, हे पाहून शेजाऱ्यानं रातोरात आपली कणसं खळ्यावर आणून टाकली. बापाची राख अजून ऊन होती आणि गंगव्वाच्या मुलांनी सकाळी पाहिलं तर खळं भरलेलं. दोघं भाऊ कुऱ्हाडी घेऊन खळ्यावर जाऊन बसले. म्हणजे, दाजी, न्याय कुणाच्या बाजूला होता हे लहान मुलानंही सांगितलं असतं.

पुढचं मल्लप्पानं मला सांगितलं, तुमच्या तिसऱ्या दिवशी, आपल्याच ओट्यावर बसून.

"वेशीतच कळलं आम्हाला, गंगव्वाचा मालक गेला म्हणून. सायेब मला म्हणाले, मल्लप्पा, तू सायकली धरून इथंच थांब. मग एकटेच तिच्या दारात गेले. टोपी काढून उभं राहिले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मग तिथनं शेजाऱ्याच्या घरी गेले. त्यांनी गूळ-पाणी दिलं, ते घेतलं. आणि मग वेशीलगतच्या खळ्याकडं."

"तिच्या घरी पाणी नाही मागितलं?"

"नाही मागितलं, मास्तर. नेहमी मागतात. त्या दिवशी नाही मागितलं."

"मग?"

"मग काय. खळ्यावर त्या दोघा भावांना आधीच कुणीतरी सांगितलं होतं, फौजदारानं त्यांच्याकडचं पाणी घेतलं, तुमच्या दारातनं तसाच गेला. धाकटा फकीरप्पा उठून ओरडला, आमच्या घरचं पाणी कडू झालं काय रे? सायेबांनी हात वर केला, काहीतरी सांगत होते. तेवढ्यात शेजाऱ्याचा पोरगा फिदीफिदी हसला. फकीरप्पा त्याच्यावर धावला. सायेब मधी गेले. नेहमी जातात तसे." मल्लप्पानं तोंडावर हात ठेवला. "त्यांना वाटलं असणार, आपल्यावर नाही टाकणार हा."

तुम्हाला वाटलं. तुम्हाला वाटलं, दाजी! बाप गेलेल्या, रात्रभर न झोपलेल्या, खळं लुटलं गेलेल्या पोराच्या कुऱ्हाडीपुढे तुम्ही उभे राहिलात, ते कशाच्या भरवशावर? त्या घरचा गूळ तर तुमच्या पोटात नव्हताच. नियम तुमचाच होता.

तुमची राख सावडायच्या आत गावभर झालं की फौजदारानं एका बाजूचं खाल्लं होतं. अळणावरहून ते धारवाडला आलं, धारवाडहून हुबळीच्या बाजारात. अप्पांच्या दुकानी येऊन लोक सांत्वन करायचे आणि जाता जाता म्हणायचे, "पण काय हो, खरंच काही घेतलं होतं का?" फकीरप्पाच्या वकिलानं तर हेच धरून ठेवलं, की मुलाला भडकवलं ते फौजदाराच्या पक्षपातानं. आणि खात्याला तेच सोईचं होतं. पक्षपाती फौजदार मेला तर माणसं का दिली नाहीत हे कुणी विचारत नाही.

मी वाचनालयात गेलो. तुमच्यासाठी शोकसभा घ्यावी एवढंच मागायला. आमचे चिटणीस वकील आहेत, गोड बोलतात.

"मास्तर, तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. पण खाकीसाठी शोकसभा? या दिवसांत? लोक काय म्हणतील?"

"खाकीतल्या माणसासाठी मागतोय."

"तेच हो. आणि ऐकतो ते असं, की त्यांनी एका बाजूचं खाल्लं होतं."

"गूळ खाल्ला होता," मी म्हणालो. "खडाभर गूळ."

"चिडू नका. आम्ही नाही म्हणत, लोक म्हणतात."

लोक म्हणतात! ज्या सभेपायी तुमच्या वाट्याच्या बंदुका लिंबाखाली शेंगा खात बसल्या, त्याच सभेच्या खुर्च्या अजून त्या दालनात मांडलेल्या होत्या. तुमचं सरकार तुम्हाला आपलं म्हणायला तयार नाही आणि माझे देशभक्तही नाहीत. तुम्ही कुणाचे पोलीस, हा प्रश्न मी इतकी वर्षं तुम्हाला विचारत राहिलो. त्या दिवशी मला वाटलं, आधी या दोघांच्या तोंडावर तो मारायला हवा होता.

अक्कानं माझ्याकडे काही मागितलं नाही, एक सोडून. तेराव्यानंतर ती म्हणाली, "पक्षपात केला असं त्यांच्या नावावर राहता कामा नये. बाकी काय लिहायचं ते लिहू देत." तुम्ही सुतक मानलंत म्हणून पाणी मागितलं नाहीत, हे तिला ऐकताक्षणी कळलं होतं. मलाही कळलं होतं. पण आम्हाला कळून काय उपयोग? तुम्ही गंगव्वाच्या दारात काय बोललात, ते जगात फक्त गंगव्वाला माहीत होतं.

म्हणून मी तिच्याकडे गेलो. अंगणात बाज उलटी टाकलेली होती. ती उंबऱ्याच्या आत बसली होती, कपाळ मोकळं, अक्कासारखंच. मी कोण ते सांगितलं. ती कानडीत म्हणाली, "बस." मी बसलो नाही.

"माझे दाजी तुमच्या दारात काय बोलले?"

ती म्हणाली, "तू शिकलेला दिसतोस. तूच सांग. मी ते सांगितलं तर वकील म्हणतो तुझं पोर फासावर जाईल. नाही सांगितलं तर काळं पाणी, पण जिवंत राहील. तू काय केलं असतंस?"

"खरं सांगितलं असतं."

"तुझं पोर नाही म्हणून," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

मी त्या दारावर मूठ आपटली, दाजी. तुम्ही जिथं टोपी काढून उभे राहिलात तिथं मी ओरडलो. अक्कापाशी येऊन त्या बाईला नको नको ते बोललो. अक्का भाकरी थापत होती, थांबली नाही. एवढंच म्हणाली, "तिचंही घर मोडलंय."

कचेरीत चौकशी झाली तेव्हा अक्का आली. लाइनीतल्या बायका नको नको म्हणत असताना आली आणि भिंतीशी बसली. मोठा साहेब टेबलापाशी, शेजारी दुभाषा कारकून. गावकरी एकेक येऊन सांगत होते, हो, फौजदारानं शेजाऱ्याकडचं पाणी घेतलं. हो, गंगव्वाच्या दारातून तसाच गेला. मग तिला बोलावलं. साहेबानं विचारलं, फौजदारानं तुझ्या घरी पाणी मागितलं का?

गंगव्वा पदर सावरून उभी राहिली. तिनं साहेबाकडे पाहिलं नाही, भिंतीशी बसलेल्या अक्काकडे पाहिलं, आणि तिलाच सांगायला लागली. कानडीत, सावकाश. "तुझा मालक माझ्या दारात आला. टोपी काढली. मला म्हणाला, अव्वा, तुझ्या घरात मरण झालंय, आज तुझ्याकडं पाणी मागायचा मला हक्क नाही. सुतक फिटलं की येईन आणि पोटभर पिईन. खळं तुझंच आहे, ते आज मोकळं करून देतो, मगच जातो. असं म्हणाला. माझी पोरं खळ्यावर होती. त्यांनी ऐकलं नाही. मी धावत जाऊन सांगायचं होतं. सुतकातली बाई उंबरा कसा ओलांडू म्हणून बसून राहिले."

कारकुनानं खाकरून साहेबाला इंग्रजीत सांगितलं, "नाही, तिच्या घरी त्यानं पाणी मागितलं नाही, असं म्हणते."

बस्स. एवढंच. एका आईनं आपल्या मुलाच्या गळ्याशी दोर नेऊन जे सांगितलं, त्याचं एवढंच. आणि ते नेमकं उलट्या बाजूनं पडत होतं. साहेब मान डोलावून लिहायला लागला.

मी उठलो. मला बोलायची परवानगी नव्हती. मी इंग्रजीत म्हणालो की बाई याच्या दसपट बोलली आहे आणि ते पूर्ण ऐकल्याशिवाय साहेबानं लेखणी टेकवू नये. कारकून म्हणाला, "मास्तर, खाली बसा." शिपाई माझ्या दंडाशी आला. तो शेंगा खाणारा, डोळा मिचकावणारा. त्याचा हात माझ्या दंडावर होता, पण तो ओढत नव्हता. मी तिचा शब्द न् शब्द सांगितला. पोटभर पिईन, हेसुद्धा. माझा आवाज चढलेला होता, व्याकरण कुठे कुठे सुटलं असेल. साहेबानं कारकुनाला विचारलं, "असं म्हणाली का ती?" कारकून खाली बघून म्हणाला, "साधारण असंच."

"पण या पाण्याच्या गोष्टीचा इथं संबंध काय?" साहेब म्हणाला.

त्याचा प्रश्न खरा होता. त्याला खरोखरच कळत नव्हतं. इतकी वर्षं या मुलखावर राज्य करून त्याला हे ठाऊक नव्हतं की इथं माणूस एका तांब्यापायी मारतो आणि एका तांब्यापायी मरतो. मी त्याला समजावून सांगितलं. वर्गात पोरांना सांगतो तसं, फळ्याशिवाय. त्यानं लिहून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात गंगव्वा खांबाशी उभी होती. तिचे आभार मानावेत हे मला कळत होतं. पण कारकुनावरचा राग अजून उतरला नव्हता. तीच म्हणाली, "तुझ्यासाठी नाही सांगितलं. माझा माणूस गेला तेव्हा गावात कुणी डोईचं पागोटं उतरवलं नाही. शेजाऱ्यानं कणसं आणून टाकली. तुझ्या दाजीनं टोपी काढली." आणि ती थोरल्या मुलाच्या मागे निघून गेली. फकीरप्पाचं काय होईल, मला माहीत नाही. खटला अजून उभा राहायचा आहे. त्यानं फासावर जावं असं मला कितीदा तरी वाटलं आहे, आजही मधूनच वाटतं, आणि मग तिचं दार आठवतं. तुम्ही असता तर यावर रात्रभर भांडलो असतो.

निकाल मागल्या आठवड्यात आला. पक्षपाताचा आरोप काढला आहे. पण पुढे असं आहे की फौजदार पुरेशा बंदोबस्ताशिवाय, हत्याराशिवाय गेला, ही त्याची हलगर्जी. बंदोबस्त मागितला होता, दिला नाही, हे मल्लप्पानं साहेबासमोर उभं राहून सांगितलं होतं. त्याबद्दल अक्षर नाही. मल्लप्पाची बदली मात्र झाली, दूर कुठेतरी कारवारकडे.

दुसऱ्या दिवशी चिटणीस स्वतः घरी आले. आता हरकत नाही म्हणाले, पुढच्या कार्यक्रमाच्या शेवटी ठराव घेऊ. "हुद्दा घालायला नको. आमचे मास्तर, त्यांचे मेहुणे, सज्जन गृहस्थ, असं."

"फौजदार होते ते," मी म्हणालो.

"ते सगळ्यांना ठाऊक आहे हो. लिहायचं कशाला?"

मी नको म्हणालो. त्यांना वाईट वाटलं. वाटू दे. तुम्ही त्या गावात गेलात ते माझे मेहुणे म्हणून नव्हे. खाकी घालून गेलात, त्या खाकीतच आणले गेलात, आणि ती अक्कानं अजून धुतलेली नाही. तुम्हाला खाकीतून बाहेर काढून मग ओवाळायचं, तर त्यांचा ठराव त्यांनाच लखलाभ. हे जो कोणी छापील त्यालाही माझी विनंती आहे, फौजदार हा शब्द गाळू नका.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तुमच्याशिवाय शोधता येत नाही, हाच माझा सगळ्यात मोठा राग आहे. मी पुन्हा पुन्हा त्या दारात तुम्हाला उभं करतो. तुम्ही टोपी काढता. अव्वा म्हणता. दुसऱ्याचं दुःख जपता, रीत जपता, आणि मग तिथून निघून शेजाऱ्याकडे जाऊन सवयीनं गूळ-पाणी घेता. तेही नसतं घेतलंत तरी चाललं असतं ना? कोरडेच गेला असता खळ्यावर! पण एका घरचं सुतक म्हणून दुसऱ्या घरच्या यजमानाला नाही म्हणणं, हेही तुमच्यानं झालं नसणार. दोन्ही ठिकाणी तुम्ही सभ्य वागलात. त्या सभ्यपणाची मला चीड येते, दाजी, आणि मला माणूस म्हणून जे काही वळण आहे ते त्याच सभ्यपणानं लावलेलं आहे. ही दोन्ही वाक्यं मी शेजारी शेजारी लिहितो आहे. ती जुळत नाहीत.

निकालाचा कागद घेऊन मी धारवाडला गेलो. लाइनीतलं घर सोडायचं म्हणून अक्का भांडी पोत्यात भरत होती.

"एका बाजूचं खाल्लं, हे काढलं?" तिनं विचारलं.

"काढलं."

"आणि काय लिहिलंय?"

"हलगर्जी, असं लिहिलंय."

अक्का हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "ते तर मीही लिहून दिलं असतं," ती म्हणाली. हातातलं पातेलं तिनं खाली ठेवलं, उठली, मागच्या दारात जाऊन उभी राहिली, आणि लग्न झाल्यापासून जे नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, ते घेऊन ओरडली.

"यशवंता! अरे मागून प्यायचं होतंस एक घोट! सुतक लागलं असतं तर आंघोळीनं फिटलं असतं रे! घरी येऊन केली असतीस आंघोळ, मी काढलं असतं पाणी! कुणाला विचारून नाही प्यायलास? बोल! आता का गप्प?"

लाइनीतली दारं भराभर उघडली. मल्लप्पाची बायको अजून लाइनीतच होती, ती पदर खोचत धावत आली. मी दार ओढून घेतलं आणि उंबऱ्यावर आडवा उभा राहिलो.

"अक्कांना काय झालं, मास्तर?"

"काही नाही," मी म्हणालो. "दाजींशी भांडतेय. नवराबायकोच्या मधे तिसऱ्यानं पडू नये."